शेवटचे हिरडोळकर

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने, आणि गुडघे साथ देत असतील तर उभं राहून ऐकण्याच्या विनंतीसह, कळवण्यात येतं की या पृथ्वीतलावर स्वतःच्या आडनावाने जेवढं माझ्या साडूंना छळलं, तेवढं आजवर कुठल्याही मनुष्यप्राण्याला छळलेलं नाही. आपण सगळे आडनाव लावतो आणि विसरून जातो. साडू ते दुखऱ्या दाढेसारखं वागवत. जीभ सारखी तिकडेच. ज्यांच्या आडनावात हुद्दा असतो त्यांचं बरं असतं, पूर्वज काय करत होता ते दारावरच्या पाटीतच कळतं. ज्यांच्या आडनावात गाव असतं त्यांचंही बरंच असतं. सातारकराला लहर आली तर तो सकाळी स्वारगेटला एसटीत बसून जेवायच्या वेळेला आपल्या आडनावात पोहोचू शकतो. साडूंचं आडनाव हिरडोळकर, आणि हिरडोळ नावाचं गाव कुठल्याही नकाशात नव्हतं. "मी नसलेल्या गावचा माणूस आहे," असं ते म्हणायचे आणि मग वरणभातावर इतकं तूप वाढून घ्यायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, हे यांचं शेवटचंच जेवण. यातला क्रूर विनोद असा, की हा माणूस सगळी हयात शाळेत भूगोल शिकवत होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, खाली दवाखाना आणि वर क्लास, त्यामुळे जिन्यात सदैव आजारी तरी नाहीतर परीक्षेला बसलेली तरी माणसं भेटायची. साडूंना हे वातावरण मानवायचं. उदास राहणं ही त्यांची प्रकृतीच होती आणि ती त्यांनी नीट जपली होती. उन्हाळा सुरू झाला की "हा काढला तर काढला", पावसाळा आला की "हा निघत नाही", आणि थंडीत कानाला मफलर गुंडाळून "आता काय, आलंच". वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या तर म्हणायचे, "कशाच्या?" मी त्यांना एकदा नवीन चष्म्याबद्दल विचारलं, दिसतं का हो स्वच्छ? तर म्हणाले, "दिसतं. पण बघण्यासारखं काय आहे?" असा हा माणूस एकाच विषयावर बोलताना उजळायचा, तो म्हणजे पहिला हिरडोळकर. तो कोण, कुठला, कधी निघाला, हे काहीच ठाऊक नसल्यामुळे साडूंनी त्याला मनासारखं घडवलं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो साधा पायदळातला होता. पुढे त्याला घोडा मिळाला. मग मिशा आल्या. काही वर्षांनी पाहतो तर हा गृहस्थ थेट सरदारांच्या मसलतीत बसू लागला होता. खात्यातल्या माणसाला सेवाज्येष्ठतेने मिळावी तशी त्याला बढती मिळत गेली, आणि विशेष म्हणजे साडूंना स्वतःला शाळेत ती कधीच मिळाली नव्हती.

लग्नकार्यात साडूंना सोबत नेणं हे धाडस होतं. ते अहेराच्या रांगेत नसत, जेवणाच्या पंगतीत नसत. ते अनोळखी माणसांच्या मागे असत. एकदा एका हिरलेकरांना त्यांनी कर्वे रस्त्यावरच्या कार्यालयात हात धुण्याच्या बेसिनपाशी गाठलं आणि म्हणाले, "आठवून बघा, तुमच्या आडनावातलं एखादं अक्षर वाटेत गळालेलं नाही ना?" हिरलेकर ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. नंतर मला बाजूला घेऊन विचारू लागले, "हे वधूपक्षाचे की वरपक्षाचे?" मी सांगितलं, तेच शोधतायत. दर मे महिन्यात साडू कोकणात जायचे. का, तर त्यांचे आजोबा भाताशिवाय जेवत नसत, तेव्हा गाव कोकणातच असणार, असं त्यांनी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं होतं. आम्ही उभयता दोनदा त्यांच्याबरोबर गेलो आणि समुद्र न पाहता परतलो. एका गावात पारावरच्या आजोबांना साडूंनी हिरडोळबद्दल विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" साडू म्हणाले, "तेच विचारायला आलोय." आजोबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग माका काय ठाऊक?" आणि दुसरीकडे बघू लागले. त्या रात्री साडू जेवले नाहीत. म्हणजे तूप घेतलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती हसत सांगता येत नाही, म्हणून पटकन सांगून टाकतो. साडूंना एक मुलगा होता. हुशार, उंच, आईसारखा तिरकस बोलणारा. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ताप आला, आणि बघता बघता गेला. साडू एकुलते एक, त्यांचे वडील एकुलते एक, आजोबाही तसेच. त्यामुळे दुसरं हिरडोळकरांचं घर कुठेच नव्हतं. साडूंनी काढलेला वंशवृक्ष मी पाहिलाय. त्याला वृक्ष म्हणण्यात अर्थ नव्हता. एकही फांदी नाही. सरळ एक काठी. आणि शोधाचं हे सगळं खूळ त्या मुलाच्या जाण्यानंतरचं. मी एकदा नको तेव्हा नको ते विचारलं, की साडूबुवा, आता कशासाठी एवढा आटापिटा? तर काठीच्या खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, "खाली बघायला काही उरलं नाही हो. म्हणून वर बघतो. पहिला कोण ते कळलं, तर शेवटच्याला जायला बरं पडेल." ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, तिथेच शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "वर बघताना जिन्यात पडू नका म्हणजे झालं." दोघांनी दुःखाची अशी वाटणी केली होती. शोध साडूंकडे, टोमणे ताईंकडे. मुलाचं नाव त्या घरात कोणी काढत नसे, पण पहिल्या हिरडोळकराबद्दल दोघं दिवसदिवस भांडायचे. ताईंच्या मते तो सरदार-बिरदार काही नव्हता, बायकोच्या कटकटीला कंटाळून पळालेला असणार. "आणि बाई बरोबरच असणार," हेही त्या जोडायच्या. मला तर कधी कधी वाटायचं, की घरात बोलायला एक तिसरं माणूस हवं म्हणून त्यांनी तो आणून ठेवलाय.

शोध लागला तो मात्र कोकणात नाही, हडपसरच्या पुढे मांजरी गावात. माझ्या भाचीने तिकडे एका उंच इमारतीत घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीहून आम्ही चौघं रिक्षात कोंबून परत येत होतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला जिथे परवापर्यंत ऊस होता तिथे उभ्या राहिलेल्या इमारती. एवढ्यात साडूंनी छातीवर हात ठेवला आणि "थांबवा!" म्हणून असे ओरडले, की रिक्षावाल्याने ब्रेक लावला तो थेट आमच्या दातांना लागला. साडूंचं हृदय आधीच दुरुस्त करून आणलेलं, त्यामुळे ताईंनी पर्समधून जिभेखाली ठेवायची गोळी काढली. साडूंनी ताईंचा हात बाजूला सारला. "गोळी नको," ते म्हणाले, "ते बघ." रस्त्याच्या कडेला एक सिमेंटची कमान होती, रंग उडालेली, वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लावलेला. फलकाच्या खालून अक्षरं डोकावत होती. हिरडोळ पुनर्वसन गावठाण.

कमानीच्या आत पहिलंच घर एका शेठचं होतं. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळी, दारात दोन गाड्या. नुकसानभरपाईत मिळालेल्या माळरानावर यांच्या वडिलांनी ऊस पिकवला आणि यांनी इमारती. माणूस मोकळा. पाणी आलं, चहा आला. साडू खुर्चीच्या टोकावर बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "इथे हिरडोळकर कुठे राहतात?"

"कोण?"

"हिरडोळकर. हिरडोळचे."

"आवो, हितं समदेच हिरडोळचे हायत," शेठ म्हणाले. "पन हिरडोळकर एकबी न्हाई."

"एकही नाही? अहो, मी स्वतः हिरडोळकर! याच नावाने शाळेत भूगोल शिकवला."

शेठ हसले. "गुरुजी, गावात ऱ्हानारा गावाचं नाव कशाला लावंल? आमी तितं पाटील, कुंभार, गुरव. गाव सोडून मानूस भाईर गेला, की भाईरचे म्हनत्यात, ह्यो हिरडोळकर. तुमचा म्हातारा कवातरी गाव सोडून गेला आसंल. तवा झाला हिरडोळकर. तितं असता, तर नसता."

मी साडूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सगळी मोहीम, ते घोडे, त्या मिशा, ती मसलत, त्या खुर्चीच्या टोकावर कोसळून पडलेली मला दिसली. ज्या गावात ते हिरडोळकर शोधत फिरले असते, त्या गावात हिरडोळकर असणं शक्यच नव्हतं. पहिल्या हिरडोळकराने एकच केलं होतं, तो निघून गेला होता. ही गोष्ट चारचौघांतल्या कोणालाही सुचली असती, पण आडनावाखाली वाकलेल्या माणसाला नाही सुचली, आणि आम्हा बाकीच्यांना त्यांची चेष्टा करण्यातून सवड नव्हती. "म्हणजे पराक्रम काय, तर निघून जाणं," ताई म्हणाल्या. नेहमीसारखंच बोलायला गेल्या, पण शेवटच्या शब्दाला आवाज पडला आणि त्यांनी कप तोंडाला लावला.

शेठलाही काहीतरी जाणवलं असावं. ते म्हणाले, "गाव सोडून गेलेली घरं मोप हायत, गुरुजी. तुमचं कंचं, त्ये कळायचं कसं? घरात देवीचं काय करता का काय?" साडू आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, एक आहे, पण ते काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. वैशाखी पौर्णिमेला घरातला कर्ता पुरुष दिवटी पेटवायचा, म्हणजे पितळी दांड्याला तेलात भिजलेलं कापड गुंडाळून केलेली छोटी मशाल. ती घेऊन देवापासून उंबऱ्यापर्यंत जायचा, तिथे जरा थांबायचा, आणि विझवायचा. मंत्र नाही, नैवेद्य नाही. साडू हे दर वर्षी करत आणि खालचे डॉक्टर दर वर्षी धूर पाहून बादली घेऊन वर येत. "डॉक्टर, आग नाही, कुळाचार आहे," ताई दारातूनच सांगत. "यांना दोन्हीतला फरक कळत नाही, तुम्ही तरी ठेवा." साडूंनी हे सगळं सांगितलं तेव्हा शेठ हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "दिवटीचं घर," ते म्हणाले. "आमच्या देवीच्या पालखीम्होरं दिवटी धरायचा मान एका घराचा. त्ये घर गेलं. कवा गेलं, माज्या आज्यालाबी ठाव नव्हतं. दर साली पौर्निमेला गुरव घराघराच्या नावानं हाक मारतो, मानाची घरं 'हाय' म्हनत्यात. दिवटीच्या घराचीबी हाक मारतो. कुनी बोलत न्हाई. मग दिवटी तशीच भुईवर ठिवायची आन् पालखी उचलायची." मला तेव्हा कळलं, की साडूंच्या घरातली दिवटी उंबऱ्यापाशी का थांबायची. तिच्या मागून यायला पालखीच नव्हती.

"गाव कुठे आहे?" साडूंनी विचारलं.

"पान्याखाली," शेठ म्हणाले, आणि धरणाचं नाव सांगितलं. पुण्याला पाणी देणाऱ्या धरणांपैकीच एक. भात पिकवणारं खोरं, पुण्यापासून सकाळी निघून जेवायला परत येण्याच्या अंतरावर. रिक्षात बसल्यावर, हडपसर ओलांडल्यावर साडू म्हणाले, "हे धरण मी दर वर्षी फळ्यावर काढायचो. निळ्या खडूने. मुलांनो, कडेच्या बाहेर रंग जाऊ देऊ नका." मग थोड्या वेळाने, "म्हणजे इतकी वर्षं मी नळाला तोंड लावून आमचं गाव पितोय." ताई बाहेर बघत म्हणाल्या, "तरीच तुम्हाला पचत नाही." पण त्यांचा हात साडूंच्या मनगटावर होता, आणि घर येईपर्यंत तो तिथेच राहिला.

कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवीचं जोतं उघडं पडतं. वैशाखी पौर्णिमेला मांजरीची मंडळी देवीला टेम्पोत घालून तिच्या जुन्या जागी नेतात, पालखी काढतात, आणि अंधार पडायच्या आत परत आणतात. शेठनी आम्हाला बोलावलं. साडूंच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. चढउतार नको, ऊन नको, मनावर ताण नको. साडू म्हणाले, "डॉक्टर, या तिन्हींशिवाय माझं काही उरत नाही." नवा झब्बा शिवला. देवीसमोर करायचं एक छोटं भाषण बसवलं. ते त्यांनी मला आमच्या बाल्कनीत उभं राहून म्हणून दाखवलं. त्यात 'कृतार्थ' हा शब्द बऱ्याचदा होता. ताईंनी यायला नकार दिला. "मला नाही बघायचा चिखल," म्हणाल्या, आणि पौर्णिमेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

आयुष्यात मी उदास जागा पुष्कळ पाहिल्यात, पण अशी नाही. पाणी लांब सरकलेलं, आणि त्याने सोडलेली जमीन भेगाळून राखाडी पडलेली, मेलेल्या माशांचा वास, सहलीला आलेल्यांनी फेकलेल्या बाटल्या. मधेच दगडी जोती, एक जातं, एका झाडाचं काळं खोड. माणसं चपला काढून त्या जोत्यांमधून अशी चालत होती, जणू भिंती अजून आहेत. दारातूनच आत जात होती, दारातूनच बाहेर. शेठ, गळ्यातल्या साखळीसकट, एका जोत्यावर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "बसा की. ही आमची वसरी." दिवटीचं घर कुठलं ते कोणालाच सांगता आलं नाही. साडू दोन-तीन जोत्यांपाशी उभे राहिले, प्रत्येकावर थोडा थोडा वेळ, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. धाप लागत होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या. घरात कोणी हात धरून चालतं का?" मी त्यांना त्यापूर्वी आणि त्यानंतर इतकं सुखी पाहिलं नाही. पुढचा उन्हाळा त्यांना मिळाला नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण नंतर माझ्याच्याने सांगवणार नाही.

ऊन कलल्यावर पालखी सजली. गुरव म्हातारे होते, ऐकायला कमी येणारे. आमच्याबद्दल त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. दिवटी पालखीपुढे चिखलात आडवी ठेवलेली होती. गुरवांनी डोळे मिटले आणि हाका मारायला सुरुवात केली. पाटलाचं घर! "हाय!" शेठ ओरडले. कुंभाराचं घर! "हाय!" सुताराचं घर! "हाय!" आणि मग, त्याच सुरात, दिवटीचं घर! सगळ्यांनी माना खाली घातल्या. या हाकेला उत्तर नसतं, हे तिथल्या लेकरालाही माहीत होतं. शेठ तेवढे मान वर करून साडूंकडे बघत होते. साडू पुढे आले. तोंड उघडलं. ओठ हलले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि एक अक्षर बाहेर पडेना. गुरव नेहमीइतकेच थांबले. मग त्यांनी वाकून दिवटीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि पालखीवाल्यांना उचला म्हणून खूण करायला हात वर केला. पालखीचे दांडे खांद्यांवर चढायला लागले. तेवढ्यात माझ्या मागून, साडीचा घोळ चिखलातून ओढत, कोणीतरी मला ढकलून पुढे गेलं, आणि त्या सगळ्या उजाड खोऱ्यात ताईंचा आवाज घुमला:

"अहो गुरवबुवा, थांबा! पुढे जाऊ नका! आलंय ना दिवटीचं घर! थोडा उशीर झालाय, पण आलंय!"